बायरॅड्स ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे!

टिळक रोडला रिक्षात बसल्यापासून कात्रज येईपर्यंत त्या मायलेकी रडत होत्या. मुलगी २३ वर्षांची, डाव्या स्तनात हाताला लागणारी गाठ, आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टात शेवटच्या ओळीत 'बायरॅड्स ३'. आईने वाचलं ते तिसरी स्टेज. काउंटरवरच्याने पाकीट दिलं, पैसे घेतले, 'डॉक्टरांना दाखवा' म्हणाला. बस. दुपारी हे कळल्यापासून डोकं फिरलंय.

अहो, स्टेज ठरते कॅन्सरचं निदान झाल्यावर. बायरॅड्सचा आकडा म्हणजे स्तनाचं चित्र बघून रेडिओलॉजिस्टला किती संशय आला, एवढंच. ० म्हणजे तपासणी अपुरी, १ म्हणजे नॉर्मल. २ म्हणजे काहीतरी आहे पण निरुपद्रवी, जसं पाण्याची साधी गाठ. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत. सुईची तपासणी हवीच असं म्हणतात ते ४ आणि ५ ला. ६ म्हणजे आधीच सिद्ध झालेला कॅन्सर. एवढं एका कागदावर मराठीत छापून पाकिटात घालायला काय जातं? मान्य, गर्दी असते त्यांना. तरीही.

त्याच रिपोर्टात वर लिहिलं होतं: अंडाकृती, आडवी, कडा स्पष्ट, १.८ सेंमी. चारही शब्द दिलाशाचे, पण रिक्षात ते कोण वाचणार? साधी गाठ आजूबाजूच्या थरांना समांतर, आडवी वाढते. थर भेदत उभी वाढणारी, काटेरी कडांची असेल तर संशय. बोटाखालून निसटणारी, रबरासारखी, न दुखणारी अशी ही गाठ बहुतेक फायब्रोअ‍ॅडेनोमा, म्हणजे स्तनातली कॅन्सर नसलेली गाठ. विशी-तिशीत सगळ्यात जास्त तीच सापडते. 'दुखत नाही म्हणजे कॅन्सरच' असं मावशीने फोनवर सांगितलं म्हणे. कॅन्सरची गाठ बऱ्याचदा दुखत नाही हे खरंय, पण ही पण दुखत नाही, मावशी!

आणि मॅमोग्राफी का नाही केली म्हणून भांडू नका. या वयात स्तन दाट असतो, फोटोत तोही पांढरा आणि गाठही पांढरी. म्हणून तिशीच्या आत आधी सोनोग्राफी.

आता करायचं काय? सर्जनने हाताने तपासायचं, मग सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, पुढे साधारण वर्षाने आणि दोन वर्षांनी. जुना रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही न्यायच्या, नाहीतर वाढली की नाही हे कशाशी ताडणार? इथेच घोळ होतो: दुखत नाही म्हणून तारीख चुकते, घर बदलताना फिल्म हरवते. गाठ वाढली, ३ सेंमीच्या पुढे गेली किंवा चित्र पटलं नाही, तर सुईने तुकडा काढायचा. जागा बधिर करतात, शेवयांएवढे बारीक तीन-चार तुकडे निघतात. नंतर दाबून धरायचं, बर्फ लावायचा, त्या रात्री घट्ट ब्रा घालून झोपायचं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. 'सुई लावली की पसरतं' हे ऐकून ऐकून कान किटले. नाही पसरत. उलट सुई न लावता थेट ऑपरेशन ठरवणाऱ्याला आधी 'का?' विचारा.

पाळीच्या आठवडाभर आधी दोन्हीकडे जड होऊन दुखणं हा हार्मोन्सचा खेळ. नीट मापाची ब्रा, डायक्लोफेनॅकचं जेल, दोन-तीन महिने तारखांची नोंद. काळ्या ब्राने कॅन्सर होतो म्हणतात, त्याचा काही संबंध नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईची छाती लाल होऊन ताप आला तर पाजणं थांबवू नका, जोरात रगडू नका, थंड शेक द्या. २४ तासांत उतार नसेल तर डॉक्टर गाठा.

मात्र एकाच बाजूने, न दाबता, रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव, नव्याने आत ओढलेलं बोंड, खळी पडलेली कातडी, काखेतली गाठ यांपैकी काही असेल तर घरी थांबू नका, वय कितीही असो.

त्या मुलीला संध्याकाळी सर्जनने हेच सगळं सांगितलं, दहा मिनिटांत. मायलेकींनी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहिली. दवाखान्यातून निघताना आईने दारातून वळून विचारलंच म्हणे, तोवर हळद-चुन्याचा लेप लावू का? नको हो काकू. चुन्याने कातडी भाजते आणि मग लाली गाठीची की लेपाची, हेच कळत नाही.