डेड स्टॉक तुमचा, मनस्ताप माझा : एका कमेंटला उत्तर

मागच्या आठवड्यात मी 'सर्व्हर बंद, विक्री चालू' असं लिहिलं होतं : बाराशे रुपयांना आणलेला व्हिडिओ गेम घरी चाललाच नाही, कारण तो ज्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर, चालतो तोच कंपनीनं बंद केलाय, तरी दुकानात विक्री चालूच. त्यावर गेम विकणाऱ्या एका दुकानदार दादांची भली मोठी कमेंट आलीय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दादांचं म्हणणं असं, की बॉक्सवर इंटरनेट लागतं म्हणून छापलेलंय, ते वाचायचं काम गिऱ्हाइकाचं. कंपनीनं चार टाळक्यांसाठी जन्मभर सर्व्हर चालवायचा का? आणि आमचा अडकलेला माल, म्हणजे डेड स्टॉक, आम्ही काय सिद्धेश्वर तलावात नेऊन टाकायचा का? बाराशे रुपयांसाठी दुकानदाराला चोर ठरवू नका.

दादा, शेवटचं आधी घेतो, कारण ते लागलं मला. चोर हा शब्द मी कुठंच वापरला नव्हता, पण परत वाचून बघितलं तर सूर तसाच लागतोय, खरंय. रागात लिहिलं होतं ओ. सॉरी.

पण झालं काय होतं ते नीट सांगतो. भाचा दहावी पास झाला म्हणून त्याला घेऊन नवी पेठेत गेलो, त्यानं गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम निवडला, मी पैसे दिले, घरी आलो. डिस्क घातली, इन्स्टॉल झाला, मग अपडेट डाउनलोड करायला बसला ते रात्रीचं जेवण होईस्तोवर चालूच. शेवटी एकदाचा लोगो आला, म्युझिक वाजलं, आणि सर्व्हरशी कनेक्ट करतोय असं म्हणत ते गोल गोल चक्र फिरत बसलं. पोरानं राउटर तीनदा बंद-चालू केला, मग माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, मग मला म्हणतो, 'मामा, आपलं नेटचं बिल भरलं नाही का?' मी सर्च केलं तेव्हा कळलं की सर्व्हर बंद होऊन पाच महिने झालेत. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी चालत नाही, कारण खेळाडूनं कुठली गाडी घेतली, किती पैसे कमावले, हा सगळा हिशोब तिकडच्या कॉम्प्युटरवर, आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय इकडं मेनूसुद्धा उघडत नाही.

बॉक्सच्या मागं, खालच्या कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ती इंटरनेटची ओळ होती, नाही म्हणत नाही. पण दादा, इंटरनेट होतं की माझ्याकडं! ती ओळ मला माझ्या बाजूची अट सांगते, त्यांच्या बाजूचा सर्व्हर जिवंत आहे का हे कुठं सांगते?

आता डेड स्टॉकचं. हे तुम्ही मला सांगू नका, कारण मी पण काउंटरच्या आतलाच माणूस आहे, आमचं मेडिकल आहे. दर महिन्याला आम्ही रॅकवरची एकेक पट्टी उलटी करून एक्स्पायरी बघतो. जवळ आलेली बाजूला काढायची, संपलेली वेगळ्या खोक्यात टाकून वर 'विक्रीसाठी नाही' असं लिहायचं, ते तर कायद्यानंच लागतं. मग तो माल स्टॉकिस्टकडं, म्हणजे आमच्या घाऊक व्यापाऱ्याकडं, परत जातो आणि तो क्रेडिट नोट देतो, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या खात्यात वळती करतो. कधी रडत देतो, कधी चार महिने फिरवतो, पण देतो. म्हणजे आमच्या धंद्यात माल मरतो हे सगळ्यांनी आधीच मान्य केलंय, आणि मेल्यावर त्याचा खर्च कुणी उचलायचा याची वाट पण पाडलेलीय. तुमच्या धंद्यात तसं काहीच नाही. बॉक्सवर तारीख नाही, कंपनीचा निरोप तुमच्यापर्यंत येत नाही, डिस्ट्रिब्युटर परत घेत नाही, मग तो बॉक्स रॅकवर राहतो आणि शेवटी माझ्यासारखा मामा येऊन घेऊन जातो. तुमचा राग मला पटतो, फक्त तो माझ्यावर काढण्यापेक्षा वर बसलेल्या कंपनीवर काढा.

मोठं उदाहरण हवं तर युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू' घ्या. २०१४ च्या डिसेंबरात आलेला गेम. १४ डिसेंबर २०२३ ला कंपनीनं बंद करतोय म्हणून सांगितलं, ऑनलाइन विक्री लगेच थांबवली, आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद. डिजिटल विक्री थांबवणं एका बटणाचं काम, पण दुकानादुकानात पडलेल्या डिस्क कोण गोळा करणार? पुढं तर लोकांच्या अकाउंटवरून लायसन्सच, म्हणजे गेम खेळायचा परवानाच, काढून घेतलं. यावर कॅलिफोर्नियात केस झाली, त्यात फिर्यादींनी गेमच्या अ‍ॅक्टिव्हेशन कोडचा फोटो लावला, त्यावर कोडची मुदत लिहिलीय २०९९! आमच्याकडं कुणी गोळीच्या पट्टीवर २०९९ छापून आणली तर ड्रग इन्स्पेक्टर दुकानात चहा प्यायला सुद्धा थांबणार नाही, सरळ पंचनामा.

डिस्कचं एक वेळ समजू शकतो, पण ऑनलाइन स्टोअरवर बंद पडलेला गेम विकायला दिसला की माझं डोकं फिरतं. तिथं ना रॅक, ना गोडाऊन, ना अडकलेले पैसे. डेड स्टॉक हा शब्दच तिथं लागू होत नाही, तरी पान काढायला कुणाला वेळ नाही.

जन्मभर सर्व्हर चालवा असं मी लिहिलंच नव्हतं, पोस्ट परत वाचा. ते मागत कुणीच नाही. रॉस स्कॉट नावाच्या युट्यूबरनं एप्रिल २०२४ मध्ये जी मोहीम काढली आणि ज्या मागणीवर युरोपात जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांच्या वर सह्या झाल्या, ती पण एवढंच म्हणते की जाताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा. आणि हे जमत नाही असं नाही. 'नॉकआउट सिटी' जून २०२३ मध्ये बंद झाला तेव्हा कंपनीनं पीसीवाल्यांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. खुद्द युबिसॉफ्टनं पण एवढी बोंब झाल्यावर 'द क्रू २' ला ऑफलाइन मोड, म्हणजे इंटरनेटशिवाय खेळायची सोय, देतो म्हणून सांगितलं. सोनीचा 'काँकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, पुरते पंधरा दिवस पण नाही. लोक हसले त्याला, पण विक्री थांबवली, पैसे परत केले, विषय संपला. हसू झालं तरी चालेल, पैसे परत मिळाले ना!

राहिले माझे बाराशे. आपल्याकडं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, बिलावर मुदत लिहिली नसेल तर तीस दिवस. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी पण लागत नाही. आता सर्व्हर बंद पडलेली डिस्क म्हणजे सदोष माल का, यावर वकील लोक भांडत बसतील, पण चालतच नाही ती वस्तू चांगली कशी म्हणायची? हे सगळं मी घरी बसून वाचलं, जोशात उठलो, आणि मग आठवलं की बिलच घेतलं नव्हतं. 'पक्कं बिल पाहिजे का, मग वरचे पैसे लागतील,' असं विचारलेलं, आणि मी रोज गिऱ्हाइकाला बिल घ्या बिल घ्या म्हणणारा माणूस, तिथं म्हटलं राहू द्या. बिल न देणं ही पण त्याच कायद्यात अनुचित प्रथाच आहे म्हणा, पण मी कुठल्या तोंडानं सांगणार.

त्यामुळं तक्रार केली नाही. दुकानात मात्र परत गेलो, भांडायला नाही, त्याच गेमचे दोन बॉक्स अजून रॅकवर होते ते दाखवायला. त्या दुकानदाराला खरंच माहीत नव्हतं दादा, तोंडावरून कळतं. त्यानं ते खाली काढले, काउंटरखाली ठेवले, आणि मला म्हणाला, 'आता हे मी कुणाला परत करू?' तुमच्याच लाइनचा प्रश्न आहे, तुमच्याकडं उत्तर असेल तर खाली लिहा, मी त्याला नेऊन दाखवतो.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय, डिस्क विकणार का. नाही हो. भाच्यानं ती बाल्कनीत दोऱ्याला टांगलीय, ऊन पडलं की चमकते, कबुतरं येत नाहीत.