निखतकडे काय होतं? बरंच काही होतं

शाळेत माझ्याकडे बॉक्सिंग शिकणाऱ्या पाच पोरींसाठी ग्लोव्हज आणि हेडगार्ड घ्यायचे म्हणून मी धर्माबादच्या आमच्या ग्रुपवर वर्गणी मागितली. पैसे आले नाहीत, फॉरवर्ड आला. दर सहा महिन्यांनी फिरून येतो तोच: ‘निजामाबादची निखत जरीन. बापाचा विरोध, समाजाचा विरोध. ना कोच, ना सोयी. मेरी कोमने वाट अडवली. तरी एका रात्रीत जगज्जेती! समोरचीला ५-० ने लोळवलं. ज्याच्यात दम असतो तो आपोआप वर येतो.’ खाली एका काकांची पुरवणी: “मॅडम, तिला कुणी वर्गणी दिली होती?”

काका, तेलंगणातलं असलं तरी निजामाबाद आपल्याला परकं नाही. दवाखाना म्हणा, लग्नाचा बस्ता म्हणा, बासरला गोदावरी ओलांडली की आपण तिथंच. निदान शेजारच्या पोरीची गोष्ट तरी धड सांगू.

बापापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त खोटं तिथंच आहे. जमील अहमद स्वतः फुटबॉल-क्रिकेट खेळलेले. सौदीत पंधराएक वर्षं सेल्सची नोकरी केली आणि पोरींचं शिक्षण, निखतचा खेळ यासाठी गावी परतले. चार पोरी, निखत तिसरी. आधी त्यांनी तिला धावायला लावलं. मैदानावर बॉक्सिंग चालायचं, त्यात पोरगी एकही नसायची. असं का, हे तिनं बापालाच विचारलं आणि बापानंच तिला रिंगकडे नेलं. पहिलं वर्षभर सराव त्यांच्याच देखरेखीखाली. नात्यातले एक काका बॉक्सिंगचे प्रशिक्षक. २००९ मध्ये ती विशाखापट्टणमच्या साई (सरकारचं भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात गेली, तिथं शिकवायला द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले आय. व्यंकटेश्वर राव. याला ‘ना कोच’ म्हणायचं?

लोक बोलले, हे मात्र खरं. पोरगी शॉर्ट्स घालते म्हणून नातेवाईक बोलले. मुलाबरोबर सराव करताना तोंड रक्ताळलं तेव्हा आई रडली, हिच्याशी लग्न कोण करणार म्हणून. हे आपल्याकडे कुठल्या घरात होत नाही? माझ्या पाचातल्या दोघी घरून सलवार घालून येतात आणि शाळेत बदलतात. पण त्या सगळ्या बोलण्यात जो माणूस पोरीच्या बाजूनं उभा राहिला, त्यालाच फॉरवर्डवाल्यांनी खलनायक करून टाकलंय. गोष्टीला मीठ हवं, दुसरं काय.

आता ‘एका रात्रीत’. २०११ मध्ये तुर्कीत अंताल्याला ती ज्युनिअर गटात जगज्जेती झाली. मोठ्यांच्या गटातलं जगज्जेतेपद आलं २०२२ मध्ये, तेही तुर्कीतच, इस्तंबूलला. म्हणजे ही रात्र अकरा वर्षांची. मध्ये युवा गटात जागतिक रौप्य. २०१७ मध्ये खांदा निखळला आणि बराच काळ रिंग सुटली. २०१९ मध्ये बल्गेरियातल्या स्ट्रँजा स्पर्धेत सुवर्ण, २०२२ मध्ये पुन्हा तिथंच सुवर्ण आणि मग इस्तंबूल.

तिथल्या ‘५-० ने लोळवलं’बद्दल थोडं थांबून सांगते, कारण पेपरवालेही हे असंच छापतात. ५-० हे गोल नव्हेत. रिंगच्या कडेला पाच जज बसतात, प्रत्येक जण आपापला कागद भरतो: फेरी जिंकणारीला दहा गुण, दुसरीला सहसा नऊ. पाचही जणांनी तीच जिंकली असं लिहिलं की ५-०. थायलंडच्या जितपाँग जुतामासविरुद्ध त्या पाच कागदांवर होतं ३०-२७, २९-२८, २९-२८, ३०-२७, २९-२८. तीन जजांच्या लेखी फरक फक्त एका गुणाचा! तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्यातली एक सैल गेली असती तर निकाल डळमळला असता. लोळवणं-बिळवणं काही नाही, घासून जिंकली. मला तर ती लढत त्यामुळेच जास्त आवडते.

मेरी कोमचं अर्धं खरं, अर्धं रचलेलं. २०१९ मध्ये ५१ किलोत जागतिक स्पर्धेसाठी मेरीची निवड चाचणी न घेता झाली. पुढं ऑलिंपिक पात्रता स्पर्धेलाही तसंच होणार असं दिसल्यावर निखतनं क्रीडामंत्री किरेन रिजिजूंना पत्र लिहिलं. तिची मागणी एवढीच होती, की चाचणी घ्या. डिसेंबरात ती झाली आणि मेरी मोठ्या फरकानं जिंकली. संपल्यावर मेरीनं हात मिळवला नाही, त्याचीच चर्चा जास्त झाली. तेव्हा वाट अडवली म्हणायचं तर ती निवडीच्या पद्धतीनं. रिंगमध्ये निखत हरली होती. हरूनही ती खेळत राहिली हे फॉरवर्डमध्ये कुठंच नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर या मेसेजला शेपूट फुटलंय: ‘डोक्यात हवा गेली, दुसऱ्याच लढतीत घरी.’ इस्तंबूल जिंकलं ते ५२ किलोत, ऑलिंपिकमध्ये तो गटच नव्हता. ती ५० किलोवर उतरली आणि त्या वजनात २०२२ चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०२३ चं दुसरं जगज्जेतेपद मिळवलं. पॅरिसला तिला मानांकन नव्हतं, म्हणजे तगडी खेळाडू सुरुवातीलाच समोर येऊ शकत होती; त्यामुळे दुसऱ्याच लढतीत समोर आली चीनची वू यू, ५२ किलोतली २०२३ ची जगज्जेती. निखत ०-५ हरली. वू यूनं पुढं सुवर्ण घेतलं. यात हवा कुठं आली?

आणि काकांचा प्रश्न. हो, दिली होती वर्गणी. साईचं केंद्र चालतं ते तुमच्या-माझ्या करातून. तेलंगणा सरकारनं २०१४ मध्ये, म्हणजे इस्तंबूलच्या आठ वर्षं आधी, ५० लाख दिले. जिंकल्यावर २ कोटी दिले, पुढं पोलीस खात्यात डीएसपीची नोकरीही. आपोआप वर आलेल्या पोरीचा हा हिशेब आहे.

आमच्याकडे ग्लोव्हजचे दोन जोड आहेत. एकीनं काढले की दुसरी तेच घामानं ओले हातात घालते. हेडगार्ड एकही नाही, म्हणून पोरींची आपसातली लढत मी अजून सुरूच केलेली नाही. नुसती बॅग आणि हवेतले ठोसे. पाचही जणींच्या डोक्याची मापं घेऊन वहीत लिहून ठेवली आहेत, काका. फोटो काढून टाकते ग्रुपवर.