‘अँटिव्हायरस बंद करा नि बिनधास्त खेळा’ हा सल्ला कुठे फसतो?

इंडी गेम खेळणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: “छोट्या डेव्हलपरचा गेम म्हटला की अँटिव्हायरस बोंबलणारच. फॉल्स पॉझिटिव्ह, म्हणजे खोटा इशारा, असतो तो. रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद कर, गेम टाक, मग परत चालू कर. फारच शंका असेल तर व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर बघ. आणि स्टीम स्टोअरवरचा असेल तर प्रश्नच नाही.” यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, म्हणून पुढची चार सहज खपून जातात.

“अँटिव्हायरस बोंबलतो.” आधी कोण बोंबलतंय ते बघा. ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ म्हणणारी निळी खिडकी अँटिव्हायरसची नसते, विंडोजमधल्या स्मार्टस्क्रीन या वेगळ्या तपासनिसाची असते. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला ‘इंटरनेटवरून आली’ अशी खूण चिकटते. ती फाइल चालवली की स्मार्टस्क्रीन तिच्या हॅशची (फाइलच्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशाची) आणि डिजिटल सहीची पत तपासतो. ‘ही फाइल माझ्या ओळखीची नाही’ एवढंच त्याचं म्हणणं असतं. सहीच्या सर्टिफिकेटला वर्षाला काहीशे डॉलर पडतात, आणि जून 2023 पासून त्याची खासगी की हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. फुकट गेम देणारा एकटा माणूस या भानगडीत पडत नाही. त्यात प्रत्येक नव्या बिल्डचा हॅश नवा, म्हणजे ओळख पुन्हा शून्यापासून. फाइल डेव्हलपरच्या स्वतःच्या पानावरून घेतली असेल तर ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’. अँटिव्हायरसला हात लावायची गरजच नाही.

“फॉल्स पॉझिटिव्हच असतो.” डिफेंडरने (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने) फाइल क्वारंटाइन केली, म्हणजे बाजूला कोंडली, असेल तर गोष्ट वेगळी. विंडोज सिक्युरिटीत ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडा आणि नाव शेवटपर्यंत वाचा. ‘ट्रोजन… वाकाटॅक’ आणि शेपटीला उद्गारचिन्ह नि ‘एमएल’ असेल, तर तो मशीन लर्निंगचा अंदाज आहे. पायइन्स्टॉलर या पायथन प्रोग्रॅम बांधणाऱ्या अवजाराने एकाच फाइलमध्ये बांधलेला गेम चालताना स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो; यूपीएक्स या फाइल लहान करणाऱ्या अवजाराने दाबलेली एक्सई (चालवायची फाइल) मेमरीत उलगडते. मालवेअरवाले हीच अवजारं वापरतात, त्यामुळे सुक्याबरोबर ओलंही जळतं. पण ‘एमएल’ म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. अगदी ताज्या मालवेअरलाही पहिल्या दिवशी असंच मोघम नाव मिळू शकतं. आणि नावात विडार, लुमा, रेडलाइन अशा ओळखीच्या चोराचं कुळ दिसलं, तर वाद न घालता फाइल उडवा.

“बंद कर, टाक, परत चालू कर.” सगळ्यात घातक भाग हाच. इन्फोस्टीलरला, म्हणजे माहिती चोरणाऱ्या मालवेअरला, तुमच्या मशीनवर मुक्काम करायचा नसतो. ब्राउझरमधले पासवर्ड, कुकी, डिस्कॉर्ड या चॅट ॲपचं लॉगिन टोकन, क्रिप्टो वॉलेट उचलायला त्याला मिनिटभरही पुरतं. चोरलेली कुकी म्हणजे आधीच लॉगिन झालेलं सेशन. तिथे ओटीपी विचारलाच जात नाही. नंतर प्रोटेक्शन चालू करणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

फाइल खरोखर निर्दोष वाटत असेल तर आधी अँटिव्हायरसची डेफिनिशन (मालवेअर ओळखायची यादी) अपडेट करून पुन्हा स्कॅन करा. चुकीची ओळख अपडेटमध्ये दुरुस्त होऊ शकते. डेव्हलपरने एसएचए-256 हॅश दिला असेल तर विंडोजमधल्या पॉवरशेलच्या ‘गेट-फाइलहॅश’ कमांडने आपल्या फाइलचा काढून जुळवा. मग हिस्टरीतली तेवढीच नोंद ‘रिस्टोअर’ करा. एक्सक्लूजन (तपासणीतून सूट) द्यावंच लागलं तर त्या गेमच्या फोल्डरला द्या. अख्ख्या डाउनलोड्सला दिलंत तर उद्या तिथे पडणारं काहीही तपासणीशिवाय सुटेल. डेव्हलपरलाही कळवा, तो मायक्रोसॉफ्टकडे फाइल तपासायला पाठवू शकतो.

“व्हायरसटोटलवर बघ.” जरूर बघा, पण काय टाकताय ते समजून. तिथल्या सत्तरेक अँटिव्हायरस इंजिनांपैकी दोन-तीन अपरिचित इंजिनांनीच ‘सस्पिशस’ वगैरे मोघम शेरा मारला असेल, तर चुकीच्या इशाऱ्याची शक्यता जास्त. शून्य आलं म्हणून मात्र फाइल स्वच्छ ठरत नाही. युनिटी या गेम बनवायच्या इंजिनवरच्या गेममधली एक्सई जेमतेम काहीशे केबीची, नुसता दरवाजा उघडणारी. डेव्हलपरचा कोड ‘असेंब्ली-सीशार्प’ किंवा ‘गेमअसेंब्ली’ नावाच्या डीएलएलमध्ये (एक्सईला जोडलेल्या वेगळ्या फाइलमध्ये) असतो. एकटी एक्सई तपासणं म्हणजे पाकीट बघून पत्र वाचल्याचं समाधान. शिवाय 650 एमबीच्या वरची फाइल तिथे जात नाही, आणि पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत स्कॅनरला डोकावता येत नाही. डिस्कॉर्डवर “माझा गेम टेस्ट करशील का?” म्हणत येणाऱ्या झिपला अनेकदा पासवर्ड असतो, तो याचसाठी.

“स्टीमवरचा असेल तर प्रश्नच नाही.” फेब्रुवारी 2025 मध्ये ‘पायरेटफाय’ नावाचा फुकट गेम स्टीमवर काही दिवस होता, आत विडार निघाला. एका खेळाडूच्या अँटिव्हायरसने तो अडवला होता. हा सल्ला ऐकला असता तर? ‘ब्लॉकब्लास्टर्स’ जुलै 2025 मध्ये स्वच्छ आला आणि ऑगस्टअखेरच्या पॅचमधून मालवेअर घुसलं. 25 डिसेंबर 2023 ला तर ‘स्ले द स्पायर’च्या ‘डाउनफॉल’ या प्रामाणिक फॅन-विस्ताराच्या डेव्हलपरचं खातंच हॅक करून बाधित अपडेट ढकललं गेलं.

तरीही खेळून बघायचाच असेल तर विंडोज प्रोवर ‘विंडोज सँडबॉक्स’ हा बाकी मशीनपासून तोडलेला कप्पा आहे. खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत तो मिळत नाही. इच डॉट आयओ या इंडी गेमच्या साइटच्या ॲपमध्ये स्वतःचा सँडबॉक्स आहे. विंडोजवर तो गेमला वेगळ्या यूजर खात्यात चालवतो. तो प्रेफरन्सेसमधून सुरू करावा लागतो.

आणि संशयास्पद फाइल चालवून झालीच असेल, तर आधी इंटरनेट तोडा. मग फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून ईमेल, स्टीम, डिस्कॉर्ड, या क्रमाने सगळी सेशन लॉगआउट करून पासवर्ड बदला. बाधित मशीनवर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. पासवर्ड त्याच मशीनवरून बदललेत तर नवे पासवर्डही चोराच्याच हाती जाऊ शकतात.