२०० मीटर, पण कधीपर्यंत?

गेले दोन-तीन महिने आमच्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. सिंहगडाला जाणाऱ्या प्रत्येक टोळीत तो कुणी ना कुणी टाकतंच, आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. मजकूर थोडक्यात असा: २०० मीटर लिहिलेलं डायव्हर घड्याळ म्हणजे आयुष्यभराचं वॉटरप्रूफ, अंघोळ-पोहणं काहीही करा. ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणजे लष्करानं पास केलेलं. खरा फौजी ऑटोमॅटिकच, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारंच घालतो, सेलवालं घड्याळ पोरांचं. डायलभोवतीची फिरती कडी नुसती शोभेची. आणि शेवटी ठळक अक्षरांत, सर्व्हिसिंग ही निव्वळ लूट आहे, डायव्हर घड्याळ कधीही उघडू देऊ नका.

असलं घड्याळ मी नऊ वर्षं वापरतोय. जाड स्टील, काळी डायल, अंधारात हिरवे चमकणारे जाडजूड काटे, शर्टाच्या बाहीत न मावणारं. बायको त्याला ‘वजनमाप’ म्हणते. तेव्हा या घड्याळांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्या शेवटच्या ओळीशी, कारण फॉरवर्ड यायच्या कितीतरी आधी ती मी स्वतः सात वर्षं पाळली होती.

आधी २०० मीटरचं बघू. या आकड्यावर दोन्ही बाजूंनी थापा चालतात. ग्रुपवरच्या एका शहाण्यानं लगेच उलट उत्तर दिलं, की पोहताना हात हलला की दाब इतका वाढतो की २०० मीटरवालं दोन मीटरवरही टिकत नाही. हेही खोटंच. हात पाण्यात सेकंदाला ३ मीटर वेगानं जरी मारलात तरी त्यानं वाढणारा दाब जेमतेम अर्धा मीटर पाण्याइतका. अकरावीचं भौतिकशास्त्र आहे, घरात बारावीचं पोर असेल तर त्याला विचारा. २०० मीटर म्हणजे २० बारचा, हवेच्या दाबाच्या साधारण वीसपट दाब, आणि हौशी डायव्हिंगची मर्यादाच साधारण ४० मीटर. आपण पुणेकर फार तर तारकर्लीला जाऊन प्रशिक्षकाचा हात धरून थोडं खाली जातो आणि वर्षभर तो फोटो प्रोफाइलला ठेवतो. आकडा भरपूर आहे.

पण तो आकडा कशाचा, ते बघा. डायलवर ‘डायव्हर्स २००’ असं लिहायचं तर आयएसओ ६४२५ हे प्रमाण पाळावं लागतं. त्यात प्रत्येक नग सव्वापट दाबाखाली तपासायचा असतो, म्हणजे २०० मीटरवाला २५० मीटरच्या दाबाखाली. काळोखात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, हीसुद्धा अट आहे. ‘डायव्हर्स’ शब्द नसून नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट २००’ लिहिलेलं घड्याळ वेगळ्या, सौम्य प्रमाणातलं असू शकतं. दुकानात उभं राहून डायल वाचणारे मला फार कमी दिसतात. आणि दोन्हींतही तपासणी होते ती घड्याळ नवं असताना. रोजच्या गीझरच्या पाण्याची, साबणाची आणि वाफेची ती हमी नव्हे. नवं घड्याळ घालून अंघोळ केलीत तर बहुधा काही होणार नाही. रोज केलीत तर पाणी अडवणारं आतलं रबर लवकर म्हातारं होतं, एवढंच.

‘मिलिटरी ग्रेड’ हा शब्द पुण्यात जरा जास्तच खपतो. खडकवासल्याला एनडीए, दापोडीला सीएमई, कॅम्पात सदर्न कमांड. इथे कुणी ‘मिलिटरी’ म्हटलं की आपण पाठ ताठ करून ऐकतो. जाहिरातीत बहुतेक वेळा दाखला असतो तो अमेरिकेच्या मिल-एसटीडी-८१० चा. ही चाचण्यांच्या पद्धतींची संहिता आहे. कोणत्या चाचण्या लावायच्या ते बनवणाराच ठरवतो, आणि ‘पास’चा दाखला देणारं कुठलंही सरकारी खातं त्यामागे नाही.

खरं लष्करी घड्याळ कसं असतं याची उदाहरणं मात्र मोठी झकास आहेत. १९५३ साली ब्लांपँ या स्विस कंपनीनं फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ काढलं, त्यामागे पाण्याखाली उतरणाऱ्या फ्रेंच सैनिकांची गरज होती. सत्तरच्या दशकात रोलेक्सनं ब्रिटिश नौदलासाठी सबमरीनर घड्याळं दिली, त्यात पट्ट्याच्या नेहमीच्या स्प्रिंगवाल्या काड्या नव्हत्या, घड्याळाच्या डबीलाच पक्क्या बसवलेल्या काड्या होत्या. का, तर काडी निसटून घड्याळ समुद्रात जायला नको. कडीवर साठच्या साठ मिनिटांच्या खुणा, आणि डायलवर गोलातला ‘टी’, म्हणजे अंधारात चमकणारा आतला रंग ट्रिटियमचा. रशियाचं व्होस्तोक अँफिबिया १९६७ चं. त्यात युक्ती अशी की पाण्याचा दाब वाढला की मागचं झाकण रबरावर आणखी घट्ट बसावं. असल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणाची तरी नेमकी मागणी होती. बाजारात ‘मिलिटरी’ म्हणून मिळतं त्यात बहुधा हिरवा पट्टा असतो.

सेलवाल्या घड्याळाला हिणवण्याबद्दल फार बोलत नाही. ब्रिटिश नौदलाच्या डायव्हरांनी १९८० च्या दशकात सीडब्ल्यूसी या ब्रिटिश कंपनीची सेलवर चालणारी घड्याळं वापरली. कासिओचं जी-शॉक १९८३ पासून आहे आणि ते घालणारे सैनिक जगभर सापडतील. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या हातावर सेइकोची ऑटोमॅटिक होती हे खरं, पण ती त्यांनी छावणीतल्या दुकानातून पदरच्या पैशानं घेतलेली होती. माझंही ऑटोमॅटिक आहे. आवडतं म्हणून आहे, शौर्य म्हणून नाही.

कडी शोभेची, असं ज्यानं लिहिलं त्यानं ती कधी फिरवली नसावी. पाण्यात उतरताना तिचा त्रिकोण मिनिटकाट्यापाशी आणायचा, म्हणजे किती मिनिटं गेली ते कडीवर वाचता येतं. ती एकाच बाजूला फिरते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पाण्याखाली चुकून धक्का लागून सरकली तर गेलेला वेळ खऱ्यापेक्षा जास्तच दिसेल आणि माणूस लवकर वर येईल, कमी दिसून हवा संपायची नाही. आमच्या घरी ती कुकरसाठी आहे. तिसरी शिट्टी झाली की गॅस बारीक आणि कडीचा त्रिकोण मिनिटकाट्यापाशी. नऊ वर्षांत वरण लागलेलं नाही.

आता शेवटची ओळ. सात वर्षं घड्याळ उत्तम चाललं, म्हणून उघडलं नाही. जूनचे दिवस तीस, त्यामुळे १ जुलैला तारीख पुढे करायची, तशी केली आणि बाजूची चावी नीट आवळून टिळक तलावावर पोहायला गेलो. बाहेर आलो तर काचेच्या आत, चारच्या खुणेपाशी, नखाएवढं धुकं. दुपारपर्यंत ते नाहीसं झालं. मी स्वतःची समजूत घातली की दमट हवा आहे, होतं असं.

आठवड्यानं लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात, जिन्याखाली टेबल मांडून बसणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी काही विचारलं नाही. दिव्याच्या गरम पत्र्यावर घड्याळ थोडा वेळ ठेवलं, मग ड्रॉपरनं काचेवर गार पाण्याचा एक थेंब सोडला. मिनिटभरानं फडक्यानं टिपला. थेंब होता नेमक्या तेवढ्याच जागी, आतून, गोल पांढुरका डाग उमटला होता.

“किती वर्षं उघडलं नाही?”

“सात.”

“घरी कुकरची रिंग किती वर्षांनी बदलता?”

मी गप्प. आमच्याकडे ती दीड-दोन वर्षांतच बदलते.

त्यांनी झाकण काढून रबराची रिंग चिमट्यानं उचलली. गोल असायची ती चपटी झाली होती, जुन्या शेवेसारखी, आणि चिमट्यातच तुटली. चावीच्या आतली त्याहून वाईट, दर वेळी पिळून पिळून झिजलेली, वर घामाचा काळा थर. मग भिंग माझ्या हातात देऊन मशीनच्या एका स्क्रूच्या डोक्यावरचा तांबूस ठिपका दाखवला. “पुढच्या पावसाळ्यात आला असतात तर मशीनच बदलावं लागलं असतं.” सगळ्या रिंगा, सफाई, तेल, आणि शेजारच्या पेठेत ओळखीच्या दुकानातून प्रेशरची तपासणी करून आणली त्याचे धरून अठराशे रुपये झाले. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी सुईनं तारीख कोरली. दोन वर्षांनी नुसती रिंग आणि प्रेशर बघून घ्या म्हणाले, मशीन चांगलं चालत असेल तर त्याला हात लावायचा नाही. लूट करणारा माणूस असं सांगत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तुटलेल्या रिंगेच्या फोटोसकट. दहा मिनिटांत फॉरवर्डवाल्याचं उत्तर आलं.

“काका, तुमचं घड्याळ डुप्लिकेट असेल.”