‘रोआस तीन’ म्हणजे रुपयाचे तीन झाले? वही काढा, हिशेब मांडू

लग्नसराई जवळ आली की मराठवाड्यातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: "रोज पाचशे रुपये टाका, महिन्यात लाखभर लोक तुमची जाहिरात बघतील. क्लिक जितकी स्वस्त, तितकी जाहिरात चांगली. आणि रोआस (जाहिरातीच्या खर्चाच्या किती पट विक्री झाली तो आकडा) तीन दिसला की समजा रुपयाचे तीन झाले, लगेच बजेट दुप्पट करा." मी छोट्या दुकानदारांच्या जाहिरातींचा हिशेब बघतो. या संदेशावर विसंबून लोक कष्टाचा पैसा घालतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

"लाखभर लोक बघतील." बहुतेक वेळा हा लाखाचा आकडा इम्प्रेशनचा असतो, म्हणजे जाहिरात किती वेळा दाखवली त्याचा. किती जणांना दाखवली ते ‘रीच’ सांगतो. इम्प्रेशन लाख आणि रीच २५ हजार असेल, तर एकेकाला सरासरी चारदा तीच जाहिरात दिसली. शिवाय दाखवली म्हणजे पाहिली असं नाही. फेसबुकवर तीन सेकंद चाललेला व्हिडिओसुद्धा ‘व्ह्यू’मध्ये धरला जातो. व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो, हा आपला आकडा दोन वर्षं फुगलेला होता असं २०१६मध्ये खुद्द फेसबुकने मान्य केलं. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना त्या सरासरीत धरलंच नव्हतं.

हे लोक कुठले, हेही बघा. गुगलच्या जाहिरातीत ठिकाण निवडलं की मुळातल्या सेटिंगनुसार तिथे राहणारे आणि त्या ठिकाणात फक्त रस दाखवणारे, दोघेही धरले जातात. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरच्या हॉटेलाला ते फायद्याचंच आहे. पण संभाजीनगरात फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला सहलीचा बेत आखणारा पुणेकर काय कामाचा? शहराचं जुनं नाव टाकून शोधत असाल तर आणखी जपा, त्याच नावाचं शहर बिहारमध्येही आहे.

"क्लिक स्वस्त, तर जाहिरात चांगली." फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या जाहिरातींच्या तक्त्यात, म्हणजे डॅशबोर्डवर, ‘सगळ्या क्लिक’ वेगळ्या आणि ‘लिंक क्लिक’ वेगळ्या. पहिल्या आकड्यात लाइक करणं, फोटो मोठा करून बघणं, ‘आणखी वाचा’ दाबणं असं सगळं येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुम्ही मागाल तेच ही यंत्रणा शोधून देते. उद्दिष्ट म्हणून क्लिक मागितल्या, तर सारखं क्लिक करत सुटणारी माणसं मिळतात. ती गिऱ्हाइकं असतीलच असं नाही. समजा, लातूरच्या एका क्लासने दोन जाहिरातींवर दोन-दोन हजार घातले. पहिलीला दोन रुपयांची क्लिक पडली, हजार क्लिक आल्या आणि प्रवेशाची चौकशी करायला चार पालक ऑफिसात आले. दुसरीला क्लिक दहा रुपयांना पडली, दोनशेच आल्या, पण पालक आले दहा. पहिलीत एक पालक ५०० रुपयांना पडला, दुसरीत २०० रुपयांना. संदेशाचं ऐकलं तर क्लास दुसरी जाहिरात बंद करून बसेल.

"रोआस तीन म्हणजे रुपयाचे तीन." सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. रोआस म्हणजे जाहिरातीमुळे झालेली विक्री भागिले जाहिरातीचा खर्च. त्यात नफा कुठेच येत नाही. साडीच्या दुकानाचं उदाहरण घ्या. जाहिरातीवर १०,००० घातले, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००. दुकानाची जीएसटी नोंदणी नसेल तर हे १,८०० परत मिळत नाहीत. रोआस तीन, म्हणजे तीन हजारांच्या दहा साड्या गेल्या, विक्री ३०,०००. विक्रीच्या किमतीवर २५ टक्के सुटत असतील तर हाती ७,५०० आले. खर्च ११,८००. म्हणजे ४,३०० रुपये घरातून गेले. कॅश ऑन डिलिव्हरीच्या दोन साड्या परत आल्या तर आणखी १,५०० वजा, जाण्यायेण्याचं कुरिअर वेगळंच. परत आलेला माल डॅशबोर्ड आपणहून वजा करत नाही.

या दुकानाला नुसती बरोबरी साधायलाच रोआस ४.७२ लागतो. ४० टक्के सुटणाऱ्याला २.९५. घरगुती मसाले-चटण्या विकणाऱ्या ताईंना ६० टक्के सुटत असतील, तर त्यांचं दोनच्या आतच भागतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा. तो काढायला जीएसटी धरून १.१८ ला आपल्या मार्जिनने भागा, २५ टक्के असेल तर ०.२५ ने.

शिवाय ती विक्री जाहिरातीमुळेच झाली का? मेटा साधारणपणे क्लिकनंतर सात दिवसांत आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतर एका दिवसात झालेली खरेदी स्वतःच्या खात्यात धरते. दर दिवाळीला तुमच्याकडूनच घेणाऱ्या वहिनींना काल जाहिरात दिसली आणि आज त्यांनी ऑर्डर दिली, तर श्रेय जाहिरातीला. त्याच साडीवर गुगलही हक्क सांगतं, म्हणून दोन्हीकडची बेरीज गल्ल्यापेक्षा जास्त भरते. उलटही घडतं. एप्रिल २०२१पासून आयफोनवर ॲपला माग काढण्याआधी परवानगी विचारावी लागते, त्यामुळे काही खरी विक्री तक्त्यात येतच नाही. जाहिरात पाहून थेट दुकानात आलेलं गिऱ्हाईक तर बहुधा सुटतंच. म्हणून काउंटरवर "कुठून कळलं?" विचारा आणि बिलावर लिहा. कुरिअरने माल पाठवत असाल तर पंधरा दिवस उदगीरला जाहिरात चालू ठेवा, अहमदपूरला बंद, आणि दोन्हीकडच्या ऑर्डरी आधीच्या पंधरवड्याशी ताडून बघा.

"लगेच बजेट दुप्पट करा." आधी ज्यांना घ्यायचंच होतं ते पहिल्या पैशात मिळतात, पुढचे महाग पडत जातात. समजा, १०,००० वर ३०,००० ची विक्री होती आणि २०,००० वर ती ४५,००० झाली. तक्ता २.२५ दाखवेल. पण नंतरच्या दहा हजारांनी आणले फक्त १५,०००. त्या पैशाचा रोआस दीड.