कानातला वाटाड्या

प्रागच्या जुन्या शहरात पावडर टॉवरपासून चार्ल्स ब्रिजपर्यंतचं अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे. भाजीची पिशवी घेऊन रमतगमत निघालं तरी वीस मिनिटांत पूल येतो. कानात ऑडिओ वॉक, म्हणजे चालता चालता ऐकायची ध्वनिमुद्रित माहिती, लावून निघालं की त्याच किलोमीटरला तीन तास लागतात, मान आखडते, बॅटरी मान टाकते आणि बरोबरच्या माणसाशी अबोला होतो. हे सगळं खरं असूनही मी ऑडिओ वॉकच्याच बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. उंचावलेल्या छत्रीमागे चाळीस जणांच्या दिंडीत धावण्यापेक्षा कानातला बुवा बरा. त्याला निदान मध्येच गप्प करता येतं.

त्याची मूळ अडचण एवढीच की तो स्टुडिओत बसलेला असतो. त्याच्या प्रागमध्ये पाऊस नाही, गर्दी नाही, एकाही चर्चला परांची बांधलेली नाही, आणि चालणाऱ्याला लघवीला लागत नाही.

पहिलाच घोळ ‘तुमच्या उजवीकडे’ या दोन शब्दांचा. उजवीकडे, पण तोंड कुठे करून? आपल्याकडे पत्ता सांगणारा निदान हात तरी करतो. इथे फोनमधल्या होकायंत्राला आधी मनवावं लागतं आणि त्यासाठी फोन धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा चारपाच वेळा काढावा लागतो. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटतं, बाई बुरुजाला ओवाळतायत. त्यापेक्षा सोपं म्हणजे सुरुवातीलाच स्वतःला टेकू देऊन ठेवायचा. मेट्रोच्या ‘बी’ मार्गावर नामेस्ती रेपुब्लिकी स्टेशनला उतरायचं, म्युनिसिपल हाउस उजव्या खांद्याला घ्यायचं आणि पावडर टॉवरच्या कमानीकडे तोंड करायचं. पावडर टॉवर म्हणजे दारूचा बुरूज. (तोफेची दारू. पिण्याची या शहरात इतरत्र मुबलक आहे.) बांधकाम सुरू झालं १४७५ साली. कमानीतून पलीकडे दिसते ती त्सेलेत्ना गल्ली. राज्याभिषेकाच्या मिरवणुका इथूनच किल्ल्याकडे जात, आणि त्या राजांना उजवं-डावं विचारावं लागत नसे, कारण पुढे घोडेस्वार असत.

गल्लीत शिरलं की दुसरा घोळ. फोनला आपली जागा ठरवायला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. त्सेलेत्नात दोन्ही बाजूंना उंच घरं आणि वर आकाशाची चतकोर पट्टी. संदेश सरळ यायच्याऐवजी समोरच्या भिंतीवर आपटून येतो, म्हणजे किंचित उशिरा येतो. फोनला वाटतं उपग्रह जास्त लांब आहे. तो त्या हिशेबाने आपला निळा ठिपका उचलून शेजारच्या गल्लीत, कधी कुणाच्या माजघरात, ठेवून देतो. ऑडिओ अॅपने प्रत्येक ठिकाणाभोवती काही मीटरचं अदृश्य रिंगण आखलेलं असतं आणि ठिपका रिंगणात शिरला की गोष्ट आपोआप सुरू होते. त्यामुळे आपण उभ्या असतो फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकांच्या दुकानासमोर, आणि कानात सुरू होतं १९१२ सालच्या ‘काळ्या मॅडोनाच्या घरा’चं घनवादी (क्युबिस्ट) स्थापत्य. आपण चुंबकांकडे निरखून पाहतो. सगळे चौकोनीच असतात, त्यामुळे काही वेळ पटतंसुद्धा.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. हॉटेलच्या वायफायवर नकाशा आणि सगळे ट्रॅक आदल्या रात्री उतरवून घ्या. आपोआप वाजणं बंद करून ट्रॅक हाताने लावा. फोन विमानातल्या मोडवर टाका. जीपीएस फक्त ऐकण्याचं काम करतं, त्यामुळे ते तरीही चालतं आणि बॅटरी वाचते. जागा पुन्हा शोधायची असेल तर गल्लीत धडपडू नका, मोकळ्या चौकात जाऊन मिनिटभर स्वस्थ उभं राहा. पॉवर बँक हवीच. हिवाळ्यात तर फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, कारण थंडीत लिथियमची बॅटरी तीस टक्क्यांवरूनही एकदम डोळे मिटते.

जुन्या शहराच्या मुख्य चौकात पोचल्यावर फरशीत बसवलेली एक पितळी पट्टी दिसेल. ही प्रागची मध्यान्हरेषा. मेरीच्या स्तंभाची सावली या रेषेवर पडली की शहरात दुपारचे बारा वाजत. स्तंभ १९१८ साली पाडला, २०२० साली पुन्हा उभारला, म्हणून आता सावलीही कामावर रुजू झाली आहे. एका खांबाच्या सावलीवर अख्खं शहर वेळ लावत होतं, आणि आपल्याला डझनभर उपग्रह लावून आपण चौकात आहोत की चौकाबाहेर, हे ठरवता येत नाही!

घर शोधायचं असेल तर नंबरांचीही एक मेख आहे. प्रागमध्ये बऱ्याच दारांवर दोन पाट्या असतात, एक लाल आणि एक निळी, आणि दोन्हींवर वेगवेगळे आकडे. लाल आकडा सरकारदरबारी नोंदणीचा. तो रस्त्याच्या क्रमाने जात नाही, त्यामुळे ५९५ च्या शेजारी ५९६ असेलच असं नाही. पायी हिंडणाऱ्याच्या उपयोगाचा तो निळा. ऑडिओतला बुवा ‘नंबर पंधरा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात निळा असतो, आणि आपल्या डोळ्यांत लाल भरतो. १७७० साली घरांना आकडे आले, त्याआधी लोक घरावरच्या चिन्हांवरून पत्ता सांगत. चौकातलं ‘दगडी घंटेचं घर’ अजून कोपऱ्यावर घंटा घेऊन उभं आहे. मला ती पद्धत जास्त माणसातली वाटते. घंटेला कोणी लाल-निळं विचारत नाही.

आता ओरलोय, म्हणजे खगोलीय घड्याळ. इथे मात्र तब्येतीत थांबायचं. दर तासाला, सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत, घड्याळाखाली शेकडो लोक फोन वर करून उभे राहतात. घड्याळाशेजारी बसवलेला सांगाडा घंटीची दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित सरकत जातात, सोन्याचा कोंबडा आरवतो (त्या आवाजावरून तो कोंबडा आहे हे सांगावं लागतं), तास पडतात आणि संपलं. मिनिटभराचाही खेळ नाही. ऑडिओतला ट्रॅक याच्या कितीतरी पट लांब असतो, म्हणून तो तासाच्या ठोक्याला सुरू करणाऱ्याच्या कानात सांगाड्याची ओळख चालू असताना वर खिडक्या बंद झालेल्या असतात. ट्रॅक दहा मिनिटं आधी ऐकून संपवा. ठोक्याला कान मोकळे आणि हात पर्सवर ठेवा. माना वर केलेली गर्दी खिसेकापूला आयतीच मिळते.

मला विचाराल तर प्रेषितांपेक्षा तबकडी बघावी, आणि तीही सकाळी आठच्या सुमाराला, चौक रिकामा असताना. मराठी माणसाला ती कुणी समजावून सांगायची गरज नाही, कारण ते भिंतीवर टांगलेलं पंचांग आहे. मधोमध पृथ्वी. एका बाजूला सरकलेल्या कड्यावर बारा राशी, आणि काट्यावरचा सोनेरी सूर्य त्या कड्याशी जुळवून पाहिला की सूर्य कोणत्या राशीत ते कळतं. राशी सायन (वसंत संपातापासून मोजलेल्या) आहेत, तेव्हा घरच्या पंचांगाशी ताडून पाहिल्यास सुमारे २४ अंशांचा फरक पडेल, भांडू नका. चंद्राची गोळी अर्धी काळी, अर्धी चंदेरी. ती स्वतःभोवती फिरून कला दाखवते, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येचा अंदाज लागतो. सूर्य निळ्या भागात असला की दिवस, तांबूस भागात संधिप्रकाश, काळ्यात रात्र. आणि सगळ्यात बाहेरच्या काळ्या कड्यावर वळणदार जुन्या लिपीत १ ते २४ आकडे आहेत, ते जुन्या बोहेमियन तासांचे. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा सूर्यास्ताला संपायचा, म्हणजे सूर्यास्त झाला की चोवीस वाजले. सूर्यास्ताची वेळ वर्षभर सरकते, म्हणून ते कडंच वर्षभर मागेपुढे सरकतं. १४१० सालची ही यंत्रणा आहे. मिकुलाश नावाच्या घड्याळजीने ती बनवली. नंतर मात्र लोकांनी हानुश नावाच्या दुसऱ्याच कारागिराला पुढे केलं आणि असं दुसरं घड्याळ त्याने करू नये म्हणून त्याचे डोळे काढल्याची दंतकथा रचली. आपल्याकडे ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडतात, तिकडे डोळे काढतात. माल एकच, छाप वेगळा.

घड्याळाकडून बुरुजाच्या पूर्वेच्या अंगाला वळलं की फरशीत पांढरे क्रूस बसवलेले दिसतात. सत्तावीस. २१ जून १६२१ रोजी इथे हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडातल्या २७ जणांना देहदंड दिला. हे कानात ऐकताना आपण पायाखाली पाहत नाही, आणि पाहतो तेव्हा एका क्रुसावर उभ्या असतो. हा ट्रॅक दोन पावलं मागे सरून ऐकावा.

समोर ‘टीन’ नावाच्या चर्चचे दोन मनोरे चौकातून कुठूनही दिसतात. दार मात्र कुठूनच दिसत नाही, कारण चर्चच्या पुढ्यात घरांची रांग आहे. बुवा म्हणतो, ‘आता आत चला.’ आत म्हणजे त्या घरांच्या कमानींखाली शिरून, जेवणाच्या टेबलांमधून वाट काढत, बोळातून. आत टायको ब्राहेची कबर आहे. दुर्बीण नसताना ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणारा हा माणूस. त्याचं नाक तरुणपणी द्वंद्वात कापलं गेलं होतं, तो धातूचं लावायचा. पण ऑडिओ वॉकवाल्यांनी त्याच्याकडून शिकायचं ते वेगळंच आहे. १६०१ च्या ऑक्टोबरात एका मेजवानीत यजमानाचा मान राखण्यासाठी तो लघवीला उठला नाही, दुखणं जडलं, आणि अकरा दिवसांत गेला. पुढे विषप्रयोगाचा संशय आला, २०१० साली कबर उघडली, पाऱ्याने मारल्याचा पुरावा सापडला नाही.

तर तात्पर्य बाजूला ठेवू, सोय बघू. ट्रॅक अर्धा राहिला तरी चालेल, उठा. सार्वजनिक शौचालयांत बहुधा पैसे मोजावे लागतात, म्हणून सुटी नाणी वेगळ्या कप्प्यात ठेवा. जेवायला किंवा कॉफीला बसलात तर तिथलंच वापरून घ्या. आणि दारावर रोमन लिपीत ‘पानी’ अशी अक्षरं दिसली म्हणून बाटली भरायला आत शिरू नका. चेक भाषेत त्याचा अर्थ पुरुष. बायकांसाठी ‘दामी’ किंवा ‘झेनी’. रस्ता विचारताना आणखी एक. ‘आनो’ म्हणजे हो. घाईत ‘नो’ एवढंच ऐकू येतं, तेही होच. नाही म्हणायचं असेल तर ते ‘ने’ म्हणतात. इंग्रजीवर विसंबलेला माणूस बरोबर रस्त्यावरून उलटा फिरतो.

चौकापासून पुलाकडे जाणारी कार्लोवा गल्ली वाकडीतिकडी आहे. तिथे पायांचा विचार करा. फूटपाथवर पेढ्याएवढ्या दगडी चिपांची नक्षी असते, पावसात गुळगुळीत होणारी. रस्त्यावरच्या मोठ्या गोलसर दगडांना चेक लोक ‘मांजराची डोकी’ म्हणतात, आणि पातळ तळव्याची चप्पल घातली की एकेक डोकं मोजता येतं. जाड तळव्याचे, पायात मुरलेले बूट हवेत. बाटाचे असले तर उत्तमच, कारण आपण जन्मभर आपली मानलेली ही कंपनी १८९४ साली याच देशातल्या झ्लीन गावात सुरू झाली. तेवढेच बूट माहेरी येतील.

पुलाच्या तोंडाशी येता येता ट्रामचा रस्ता ओलांडावा लागतो, आणि नेमक्या याच क्षणी बुवाला सम्राट चौथ्या कार्लचं ज्योतिष सांगायची हुक्की येते. पुलाचा पहिला दगड म्हणे १३५७ साली, नवव्या दिवशी, सातव्या महिन्यात, पाच वाजून एकतीस मिनिटांनी ठेवला. १३५७९७५३१. सुलट वाचा, उलट वाचा, तेच. हे बोटांवर मोजत रस्त्यात उतरू नका. चेक कायद्यात पायी चालणाऱ्याला ट्रामपुढे अग्रक्रम नाही, पट्ट्यांवरसुद्धा. बाहेरचा आवाज दाबणारी सोय बंद करा, आणि खरं म्हणजे एक कान कायम मोकळाच ठेवा. दोघांनी एकेक इयरफोन वाटून घेणं गोड दिसतं, पण वायर असेल तर दोघांना एकाच वेळी एकाच बाजूला वळावं लागतं. लग्नाला कितीही वर्षं झाली तरी हे जमत नाही.

पूल ५१६ मीटर लांब, त्यावर ३० पुतळे, बहुतेक नकला. प्रत्येकाला दोन मिनिटांचा ट्रॅक धरला तरी तास गेला. एक निवडा. किल्ल्याकडे जाताना उजव्या हाताचा आठवा, नेपोमुकचा संत योहान, पुलावरचा सगळ्यात जुना पुतळा, १६८३ चा. १३९३ साली त्याला नदीत फेकलं. खालच्या दोन ब्राँझच्या पाट्या लोकांनी हात लावून लावून चकचकीत केल्यात, तिथे रांग असतेच.

पण पुलावर चढण्याआधी एक गोष्ट राहिलीच. उजव्या हाताच्या चौकात सम्राटाच्या पुतळ्यापलीकडे कठडा आहे. तिथून वाकून खाली पाहिलं की नदीच्या भिंतीत एक दगडी दाढीवालं डोकं दिसतं. त्याचं नाव ब्राडाच. व्हल्टावा नदीला पूर आला की जुन्या शहरातले लोक पाणी त्याच्या दाढीला लागलं की आणखी वर चढलं, हे बघायला येत आणि त्यावरून घर आवरायचं की नाही ते ठरवत. नाशिककरांना हे समजावून सांगायला नको. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावरच तिथे पुराचं माप निघतं. फक्त हा आपला मारुती भर पात्रात ताठ उभा, आणि तो बिचारा भिंतीत मानेपर्यंत चिणलेला.

कानातला बुवा तोवर पुलावर तिसऱ्या पुतळ्यापाशी पोचलेला असतो. पोचू द्या. आणि कठड्यावरून वाकताना बिनवायरचे इयरबड आधी काढून खिशात घाला.