चहात बुडालेला बुध

काल दुपारी एका अनोळखी माणसाने माझी अंगठी माझ्याच चहात बुडवली. लिहून काढल्याशिवाय झोप लागेलसं वाटत नाही.

अंगठी पाचूची. हौस माझी नव्हे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या गुरुजींनी माझी पत्रिका पाहून ‘बुध कमकुवत’ असं निदान केलं. बुध म्हणजे बुद्धी, हे मला दोन दिवसांनी उमगलं, त्यामुळे गुरुजींचं बरोबरच असावं. हुकूम निघाला: सव्वापाच रत्ती, बुधवारी, करंगळीत, खडा खालून उघडा, कातडीला टेकलेला, आणि एकदा घातली की काढायची नाही. सराफाने अंगठी हातात देताना सांगितलं, कणीक मळताना काढा, भांडी घासताना काढा, आंघोळीला काढा. मग घालू कधी? म्हणाला, लग्नाकार्यात. माझी बुद्धी काय पैठणी आहे का?

त्यात ही रत्ती. लहानपणी आम्ही गुंजा वेचायचो. लालभडक, डोक्यावर काळा ठिपका. गुंज म्हणजेच रत्ती, असं शाळेत घोकलेलं. दुकानात कळलं, सोनं तोलायची गुंज साधारण १२१ मिलीग्रॅमची आणि खडेवाल्यांची रत्ती साधारण १८२ची. पैसे अर्थातच रत्तीवर. सव्वापाच रत्ती म्हणजे जवळजवळ पावणेपाच कॅरट (खड्यांचा कॅरट २०० मिलीग्रॅमचा); गुंजेच्या मापाने सव्वातीनही भरला नसता. हा दीड कॅरटचा फरक माझ्या दिवाळीच्या बोनसातून गेला.

असो. अंगठी काढायची नाही, म्हणून काढली नाही. खालून उघड्या खड्यात दोन वर्षांची कणीक आणि भांड्यांचा साबण जाऊन बसला आणि पाचूला पालकाच्या पातळ भाजीची कळा आली. ती साफ करायला काल लक्ष्मी रोडवर गेले. पितृपंधरवडा, त्यामुळे दुकानात चिटपाखरू नाही. काउंटरवरच्या मुलाने कौतुकाने आल्याचा चहा मागवला. शेजारच्या खुर्चीत एक काका होते. मांडीवर कापडी पिशवी, खिशाला दोन पेनं. खरेदीचा काही संबंध नव्हता. बाहेर ऊन होतं आणि आत एसी.

“बघू,” काका म्हणाले, आणि ट्रेमधली अंगठी उचललीसुद्धा.

“काका, ती माझी आहे.”

“हो, मी काय खाणार आहे का?” असं म्हणून त्यांनी ती तोंडाशी नेली आणि तिच्यावर ‘हाऽऽ’ केलं. जेवणात लसणीची चटणी होती हे मला इथपर्यंत कळलं. “वाफ पटकन गेली तर खरा खडा. रेंगाळली तर काच.”

“मग?”

“गेली. पण एसी आहे ना. एसीत काचेवरचीही जाते.”

मग त्यांनी अंगठी गालाला लावली आणि डोळे मिटले. माझी अंगठी, परक्या गालाला. “खरा खडा गार लागतो.”

“एसीत सगळंच गार लागतं,” मी म्हटलं.

“तेच तर म्हणतोय मी!” काका आनंदले. मी त्यांच्या बाजूची झाले होते, कशी कोण जाणे.

पुढे पिशवीतून भिंग निघालं. हे गृहस्थ भाजी आणायलाही भिंग घेऊन जात असावेत. “आत रेघा आहेत. डागी माल गळ्यात मारलात बाईंच्या.”

मुलाने समजावलं, पाचूत रेघा असणारच, जाणकार त्यांना बाग म्हणतात. गोल बुडबुडे दिसले तर काच. आत काहीच दिसलं नाही आणि भावही परवडला, तर मात्र घाबरायचं. काकांनी हे सगळं आपणच सांगितल्यासारखी मान डोलावली.

“शेवटची परीक्षा दुधाची. अस्सल पाचू दुधात टाकला की दूध हिरवं दिसतं.”

“इथे दूध कुठलं?” मुलगा म्हणाला.

काकांची नजर माझ्या कपावर गेली. “यात असेलच की.”

टुप्.

तिघंही कपात वाकून बघत राहिलो. मीसुद्धा! अजून राग आहे तो त्याचाच.

“हिरवा दिसतोय?”

“चहा दिसतोय.”

“नकली,” काका म्हणाले, पिशवी उचलली आणि चार वाजले म्हणून निघून गेले.

मुलाने चमच्याने अंगठी बाहेर काढली आणि त्याचा चेहरा उतरला. “मॅडम, गरम चहा चालत नाही हो याला. तेल निघतं.” कसलं तेल? तर पाचूच्या त्या बागेतल्या रेघा दिसू नयेत म्हणून त्यात तेल भरलेलं असतं. बहुतेक पाचूंत असतं म्हणे. उष्णतेने ते निघतं, कडक साबणाने निघतं, दागिने धुवायच्या अल्ट्रासॉनिक मशीनने तर निघतंच. कोमट पाणी, साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, बस्स.

घेतानाच का नाही सांगितलं? मेकिंग चार्जेस सांगितले, सोन्याची भिशी सांगितली, भाचीच्या लग्नासाठी तन्मणीही दाखवून झाला. साधा साडीवाला सांगतो की पहिल्यांदा ड्रायक्लीनिंगच करा. माझ्या बोनसाएवढा खडा विकणाऱ्याला तेवढं एक वाक्य जड झालं. “सर्टिफिकेटवर आहे ना,” मुलगा म्हणाला. आहे. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात, ‘मायनर ऑइल’. मी दोन वर्षं समजत होते, पॉलिश करताना मशीनचं लागलं असेल.

“तेल परत भरून देऊ, पण चार्ज पडेल,” तो म्हणाला. आणि माझा चेहरा पाहून घाईघाईने, “चहाचे काही नाही हं मॅडम.”

साफ होऊनही अंगठीला अजून आल्याचा वास येतोय. सासूबाईंनी हुंगून पाहिलं आणि म्हणाल्या, बुधाला आलं चालतं का, ते एकदा गुरुजींना विचारून घेते.